गावाची स्वतःची व्याख्यानमाला हवी



१८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुणे शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच साली, १२ मे रोजी, याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांतून कर्जाचे रोखे आणि वह्या ओढून काढल्या आणि जाळल्या. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते.

शहरात त्या साली ज्ञानाची माला सुरू झाली आणि खेड्यात रोख्यांची होळी पेटली. दीडशे वर्षे उलटली. ती माला आजही चालू आहे. खेड्याच्या वाट्याला काय आले? निवडणुकीच्या सभा! मंचावर पुढारी, खाली आपण. टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे.

शहरातली माला भरविणाऱ्या संस्थेचे नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा' आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे बोलण्याला उत्तेजन देणारी. नुसते ऐकणारे गाव दुसऱ्याच्या सभेची गर्दी होते. विचारणारे गाव कोणाला फसवता येत नाही.

खेड्यात व्याख्यान कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा केला आणि त्यातला मजकूर जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांसमोर वाचून दाखवला. लोकांनी ऐकला. विषय त्यांचा होता, म्हणून ऐकला.

मग करायचे काय? रब्बीचे खळे उरकल्यावर आणि खरिपाच्या पेरणीआधी पाच रात्री ठरवा. देवळाचा सभामंडप किंवा शाळेचे पटांगण पुरे. एक रात्र सातबारा आणि फेरफार समजावणाऱ्या माणसाची. एक बँकेच्या व्याजाची. एक आडत, तोलाई, हमाली आणि हिशेबपट्टीची. एक मातीची आणि पाण्याची. शेवटची रात्र गावातल्याच शेतकऱ्याची किंवा शेतकरी बाईची: एका एकराचा खर्च किती, हाती आले किती, हे आकड्यांनिशी सांगायचे.

तीन नियम मात्र पाळा. वक्ता तासभर बोलेल आणि नंतरचा अर्धा तास प्रश्नांचा राहील. पहिला प्रश्न बाईचा. हार-तुरे, सत्कार, पुढाऱ्यांच्या खुर्च्या नकोत. बियाणे किंवा औषध विकणाऱ्याचा पैसा घेऊ नका. वक्त्याच्या एसटीचे भाडे आणि जेवण वर्गणीतून होते.

पहिल्या साली वीसच माणसे येतील. येऊ द्या. तारीख मात्र मोडू नका. वसंत व्याख्यानमालेची खरी ताकद मोठ्या नावांत जेवढी आहे, तेवढीच ती वर्षानुवर्षे ठरल्या वेळी भरते यात आहे.

सुप्याला रोखे जळाले, कारण ते वाचता येत नव्हते. आज आपल्याला वाचता येते, तरी कर्जाच्या कागदावर आपण न विचारताच सही करतो. ही सवय मोडायची असेल तर या जिल्हा बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक गावाने आपल्या पाच तारखा लिहून द्याव्यात.