हापूसची उलटतपासणी, तांदळाला माफी

बासमतीची मूद पडत नाही. हे ठाऊक असूनही या आठवड्यात त्याचं प्रात्यक्षिक बघावं लागलं. पुण्यातलं नवं हॉटेल, 'पारंपरिक महाराष्ट्रीय थाळी'वालं. भिंतीवर सूप, उखळ, कंदील असा कुणाच्या तरी आजीचा संसार टांगलेला. वाढप्या मुलाने स्टीलच्या वाटीत भात दाबून भरला, ताटात उपडा केला, वाटी उचलली आणि मूद जागच्या जागी ढासळली. त्याने पुन्हा भरली, या खेपेला अंगठ्याने दाबून. पुन्हा तेच. शेवटी पळीच्या पाठीने त्याने तो ढीग गोळा केला, मधे खळगा केला आणि वरण घातलं. वरण क्षणभर खळग्यात थांबलं आणि शितांच्या फटींतून निथळून शेजारच्या अळूच्या फदफद्याला जाऊन मिळालं. तूप मागोमाग गेलं. मी विचारलं, "तांदूळ कुठला वापरता हो?"

"बासमती, मॅडम!"

त्या 'मॅडम'पुढचा उद्गार मी पदरचा घातलेला नाही. तो त्याच्या आवाजात होता.

या जागेचे नियमित वाचक आता उसासा टाकतील की बाई पुन्हा भातावर घसरल्या. घसरले. मागच्या वेळी एका वाचकांनी कळवलं होतं की हॉटेलात भात म्हणजे पोट भरल्यावर उरलेल्या कोपऱ्यात टाकायचा पदार्थ, त्यावर एवढा खल कशाला? त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देते.

आधी हे सांगते की बासमतीशी माझं वैर नाही. बिर्याणीत, पुलावात, राजम्याच्या रश्शात त्याने खुशाल मोकळं मोकळं फिरावं. पण साध्या वरणाला शितं एकमेकांना धरून राहणारीच हवीत, तरच ती वरणही धरतात. शिवाय थाळीच्या भावात ज्याला बासमती म्हणून वाढतात तो बहुधा 'दुबार' किंवा 'मोगरा' असतो, म्हणजे बासमतीचे तुकडे. तुकड्यांना नावं ठेवायचं कारण नाही, आपल्याकडे आंबेमोहोर तुकडा लोक मागून नेतात. पण अभिमान अख्ख्या दाण्याचा आणि ताटात अर्धा, ही गंमत आहे.

हॉटेलवाल्यावर मात्र मी फार चिडलेली नाही. त्याच्या आदल्याच दिवशी पेठेतल्या एका किराणा दुकानात जे पाहिलं, त्याने हॉटेलाचं कोडं सुटलं.

मे महिना. दुकानाच्या पायरीवर हापूसच्या पेट्या, आत तांदळाची उघडी पोती. एक गृहस्थ आले. साठीचे, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर निवृत्त ऑडिटरचं तेज. पहिला प्रश्न, "देवगड की रत्नागिरी?" दुसरा, "कर्नाटक मिसळलेला नाही ना?" तिसरा, "अढीत पिकवलाय की पावडर मारलीय?" दुकानदाराने देवगड म्हटल्यावर फळावरचा स्टिकर उलटसुलट करून त्यावरचा कोड चष्मा वर सरकवून वाचला. एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं, सालीवरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं. दुसरं उचललं. पेटीच्या वरच्या थरावर विश्वास नाही म्हणून गवत बाजूला करून खालच्या थरातलं फळ काढायला लावलं. साका निघाला तर बदलून देणार का, हे विचारून घेतलं. भाव दोनदा पाडला. मग 'घरी विचारून सांगतो' म्हणाले, दोन पावलं गेले आणि परत आले. हे सगळं इतकं रीतसर चाललं होतं की मी कडधान्य निवडायचं सोडून बघत उभी राहिले.

पेटी ठरली. आणि जाता जाता, पाठ वळवतानाच म्हणाले, "हां, आणि पाच किलो आंबेमोहोर टाका."

टाकला! पोत्यात स्कूप गेला, काटा हलला, पिशवीला गाठ बसली. कुठला, कधीचा, मुळशीचा की मावळाचा, नवा की जुना, काही नाही. पोत्यात हात घालून चार दाणे तळहातावरसुद्धा घेतले नाहीत. ज्या नाकाने आंब्याच्या देठाशी एवढी चौकशी केली होती, ते नाक आंब्याच्या मोहोरासारख्या वासासाठीच ओळखल्या जाणाऱ्या तांदळापाशी पूर्ण रजेवर होतं.

आता हिशोब बघा. हापूस घरात असतो सहा आठवडे, फार तर आठ. तांदूळ रोज दोन वेळा, बारा महिने. हापूसला 2018 साली पाच जिल्ह्यांचं मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या लोकांनी ते लग्नपत्रिकेसारखं एकमेकांना पाठवलं. आंबेमोहोर आणि आजरा घनसाळ यांना त्याच्या दोन वर्षं आधी, 2016 सालीच मानांकन मिळालंय. किती जणांच्या फोनवर आलं होतं?

फसवणुकीची शक्यता म्हणाल तर तांदळात ती जास्तच आहे. आंबेमोहोराचं रोप उंच वाढतं, परतीच्या पावसात लोळतं, उतारा कमी. म्हणून मुळशी-मावळातले शेतकरी हळूहळू इंद्रायणीकडे वळले. इंद्रायणी हे आंबेमोहोराचंच अपत्य, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेलं. वास जरा कमी, उतारा भरपूर, स्वभाव मऊ. मला इंद्रायणी आवडतो आणि इंद्रायणी म्हणून विकला तर माझी काहीच तक्रार नाही. पण आंबेमोहोराच्या पाटीखाली परराज्यातून येणारा बारीक, सुवासिक 'जीराशंकर' सर्रास खपतो, आणि ते बाजारात कुणाला नवीन नाही. कर्नाटकचा हापूस निदान हापूसच असतो हो. इथे तर जातच वेगळी आहे, आणि आपले ऑडिटरसाहेब पाठ वळवून उभे.

वाडा कोलमची तीच तऱ्हा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या या तांदळाला 2021 साली मानांकन मिळालं. वाडा तालुका केवढा आणि मुंबई-ठाण्यात 'वाडा कोलम' लिहिलेल्या गोण्या किती, याचं त्रैराशिक कुणीतरी एकदा मांडावं. मी मांडलेलं नाही, पण उत्तर काय येईल याची मला खात्री आहे.

हे असं का झालं असेल? माझं मत असं की आंबा पाहुण्यांसमोर येतो आणि तांदूळ कुकरमध्ये जातो. पेटी साहेबांकडे, व्याह्यांकडे पाठवता येते, त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द बोलता येणं ही प्रतिष्ठेची गोष्ट. तांदळाची गोणी कुणी व्याह्यांना पाठवत नाही. शिवाय देशावर रोजचं खाणं भाकरीचं, भात सणावाराचा. पुढे रेशनचा तांदूळ आला, 72च्या दुष्काळात तर मिलो ज्वारीसुद्धा खाल्ली लोकांनी. जे मिळेल ते निवडून, धुऊन शिजवायचं, कुठला म्हणून विचारायचं नाही, ही सवय त्या काळाने लावली आणि पगार वाढले तरी ती गेली नाही. कोकणातल्या माणसाला विचारा, तो आजही 'उकडा की सुरय' एवढं तरी विचारतो. मालवणात माशाच्या कढीवर उकड्या तांदळाचा भात हवा असेल तर मात्र आता तोंडाने मागावा लागतो. पर्यटक दिसला की पांढराच येतो, कारण पर्यटकाला लालसर, जाड शीत दिसलं की तो 'भात कच्चा आहे' म्हणतो. मागितलात की आतून, घरच्यांसाठी शिजवलेल्या टोपातून येतो. मागाच. ती तिरफळाची कढी त्या भातावर जी बसते, ती पांढऱ्यावर बसत नाही.

गावोगावचं चांगलं हॉटेल कसं शोधता, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि उत्तर ऐकून लोक निराश होतात. मी ताऱ्यांचे आकडे बघत नाही. बसल्यावर विचारते, भात कुठल्या तांदळाचा? 'पांढरा', 'स्टीम राईस' किंवा 'बासमती, मॅडम' असं उत्तर आलं तर मी पोळी खाते आणि बिल मागवते. मालक किंवा मालकीणबाई आतून येऊन तांदळाचं नाव सांगायला लागल्या, तर त्या घरची आमटीही चांगली असते. पुरावा मागू नका. पुरावा नाही. पण ज्याला रोज पोत्याने लागणारी वस्तू कुठून येते हे ठाऊक असतं, तो चिंच-गुळातही झोपा काढत नाही, एवढंच माझं तर्कशास्त्र.

आजऱ्याकडे गेलात तर घनसाळ विचारा, भंडाऱ्याकडे चिन्नोर. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात गेलात तर एचएमटी विचारा, आणि विचारताना दादाजी खोब्रागडे यांचं नाव घ्या. 'पटेल-3'च्या शेतात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या बाजूला काढून, त्यांचं बियाणं वर्षानुवर्षं राखून त्यांनी हे वाण केलं. व्यापाऱ्याने त्याला त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव दिलं. कृषी विद्यापीठाने पुढे 1998 साली त्याला 'पीकेव्ही एचएमटी' केलं. खोब्रागडे 2018 साली गेले. आज मॉलमध्ये 'एचएमटी कोलम' घेणाऱ्याला हा तांदूळ घड्याळाच्या कारखान्यातून निघतो असं वाटलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

दक्षिणेत हा प्रश्न विचारावाच लागत नाही. दिंडिगलच्या बिर्याणीबद्दल इथे लिहिलं होतं ते आठवत असेल. तिथे सीरग सांबा, जिऱ्याएवढा दाणा, आणि गिऱ्हाइकाला ते पक्कं ठाऊक. तलश्शेरीला गेलात तर कैमा. तिथल्या बिर्याणीवाल्याने उद्या लांब दाण्याचा बासमती वापरला तर पहिल्या घासाला गिऱ्हाईक मान वर करून बघेल. बासमतीसारखा मानाचा तांदूळ जिथे बिर्याणीत चालत नाही, तिथल्या लोकांना आपण मागासलेलं समजावं की काय? आपल्याकडे तोच वरणाखाली घालून वर 'पारंपरिक' लिहितात. (पनीरचा विषय मी आज काढणार नव्हते आणि काढतही नाही. पण त्या पारंपरिक थाळीत पनीरची भाजी होती, एवढं नोंदवून ठेवते.)

हॉटेलवाल्यांची बाजूही आहे, नाही असं नाही. बाराला शिजवलेला आंबेमोहोर दोनपर्यंत गरम भांड्यात ठेवला की त्याची खळ होते, बासमती तग धरतो. आचारी घाबरतो, मॅनेजर त्याहून घाबरतो. यावर उपाय कोकणातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना विचारावा. त्या एकदम टोपभर शिजवतच नाहीत. गिऱ्हाईक बघून थोडा थोडा टाकतात, आणि मधे भात संपला तर 'दहा मिनिटं बसा' म्हणतात. लोक बसतात.

त्यातही माझी सगळ्यात मोठी खंत हिंजवडीची आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे. आंबेमोहोराच्या तालुक्यात बसून लाखभर माणसं दुपारी काचेच्या इमारतीत 'जीरा राईस' खातात. हाकेच्या अंतरावरच्या खोऱ्यात भात लावणारा शेतकरी गिऱ्हाईक शोधतोय, आणि गिऱ्हाईक फोनवर 'बेस्ट राईस नियर मी' शोधतंय.

दुकानापुरतं सांगायचं तर पोत्यातले चार दाणे तळहातावर घासून वास घ्या, दाणा आखूड आणि जरा दुधट दिसतो का बघा, आणि पाच किलो घेण्याआधी पाव किलो घरी नेऊन शिजवा. शिजताना वास शेजारी गेला पाहिजे. पिशवी उघडल्यावरच अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं, तर तो तांदूळ नीट तपासा, मोहोराचा वास असा अंगावर येत नाही. दिवाळीनंतर नवा तांदूळ निघतो तेव्हा मुळशी-मावळाकडचा कुणी शेतकरी ओळखीचा असेल तर वर्षाचा एकदम भरून ठेवा, एरंडेल लावून. गणपतीच्या आदल्या आठवड्यात उकडीसाठी 'खात्रीची पिठी' शोधत फिरणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. पिठी झाल्यावर जात ओळखता येत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. हॉटेलवाले म्हणतील परवडत नाही. साध्या आणि चांगल्या तांदळात किलोमागे सत्तर रुपयांचा फरक धरू, आणि एका ताटाला शंभर ग्रॅम तांदूळ, एवढा कुणी खात नाही. ताटामागे सात रुपये होतात. परवाच्या थाळीआधी मला निळ्या रंगाचं एक वेलकम ड्रिंक फुकट दिलं होतं, त्यात कागदी छत्री खोचलेली होती.