आवाज पकडला, विष सुटले

सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या सचिन या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधून रासायनिक द्रव्य चोरून नाल्यात सोडण्यात आले. त्यातून उठलेल्या वायूने जवळच्या कापड गिरणीतील सहा कामगारांचा बळी घेतला आणि वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या टँकरने कोणताही गडगडाट केला नव्हता. ज्या द्रव्याची रीतसर विल्हेवाट लावावयाची, ते दुसऱ्याच्या दाराशी मुकाट्याने ओतले गेले, एवढाच तो व्यवहार होता. उधना, पांडेसरा, लिंबायत या सुरतेच्या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. तेव्हा सुरतेची हवा हा महाराष्ट्राला परका विषय आहे असे कोणी समजू नये.

हाच व्यवहार लहान प्रमाणावर आपल्या रस्त्यांवरही चालतो; फरक इतकाच की तेथे त्याला गुन्हा न म्हणता हौस म्हणतात. स्पोर्ट्स मोटारींच्या व महागड्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरमध्ये फेरफार करून घेण्याचे वेड श्रीमंत तरुणांत रुजले आहे. गाडीने गर्जना करावी, इंजिनाची ताकद थोडी वाढावी, यासाठी कारखान्याने बसविलेली नळी काढून मोकळी नळी बसविली जाते. या खटाटोपात कॅटलिटिक कन्व्हर्टर हा भागही अनेकदा काढून टाकला जातो. गर्जनेची चर्चा सर्वत्र होते, या भागाची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

हा भाग म्हणजे पोलादी डब्यातले मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार चिनीमातीचे ठोकळे होत. त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. तापलेला धूर या जाळीतून जाताना त्यातील कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. नीट तापलेला कन्व्हर्टर या तिन्ही विषांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा करतो. म्हणजेच तो काढलेली एक मोटार दहा मोटारींइतके विष ओकू शकते. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी या शहरांत आणावे लागले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झाले. एवढ्या सायासाने मिळविलेले संरक्षण गॅरेजमध्ये पाना फिरवून तासाभरात काढून टाकता येते, ही खेदाची गोष्ट आहे.

या प्रकरणाची दुसरी बाजू विचार करण्यासारखी आहे. गेल्या काही वर्षांत गुजरात व महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. आतील मौल्यवान धातूंची भुकटी विकून पैसे मिळतात, म्हणून ही चोरी. चोर तो भाग दुसऱ्याच्या गाडीतून काढतो आणि तुरुंगात जातो. शौकीन तोच भाग स्वतःच्या गाडीतून पैसे मोजून काढवतो आणि मित्रमंडळींत वाहवा मिळवतो. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, हातगाडीवाला आणि रिक्षावाला यांच्या फुप्फुसांना मात्र या दोघांत काही फरक करता येत नाही.

कायदा नाही असे मुळीच नाही. मोटारीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण अंमलबजावणी कानावर चालते. पोलीस आवाज ऐकून गाडी अडवतात, सायलेन्सर जप्त करतात आणि ते रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. आवाजाचा उपद्रव खराच आहे आणि त्याविरुद्धची मोहीम योग्यच आहे. परंतु कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आवाजही नाही. ज्याने कन्व्हर्टर काढला पण आवाज आवरला, तो सुखरूप निसटतो.

त्याला पकडण्याचे काम प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राचे, असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. ही तपासणी नव्या मोटारींच्या बाबतीत वर्षातून एकदा आणि गाडी जागेवर उभी असताना होते. नायट्रोजनची ऑक्साइडे तीत मोजलीच जात नाहीत. त्या दिवसापुरता मूळ भाग बसवून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढणाऱ्यास अडवणारे कोणी नाही. शिवाय तपासणी केंद्राचे शुल्क तपासला जाणारा मालकच देतो. दिल्लीत मर्यादेपेक्षा अधिक विषारी धूर सोडणाऱ्या एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे महालेखापालांच्या २०२५ साली सादर झालेल्या अहवालात नमूद आहे.

या दुखण्यावरचा उपाय शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तो सुरतेतच आहे. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी करणारे लेखापरीक्षक पूर्वी कारखानदारच निवडीत व त्यांचे मानधनही तेच देत. अहवाल अर्थातच गोड येत. अहमदाबाद व सुरत भागात काही अर्थशास्त्रज्ञांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साहाय्याने एक प्रयोग केला. परीक्षक सोडतीने नेमले, मानधन सामाईक निधीतून दिले आणि अहवालांची फेरतपासणी केली. परीक्षक खरे लिहू लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. पुढे २०१९ मध्ये सुरतेच्या कारखान्यांसाठी धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. त्यात धुरांड्यांवर अखंड मोजणारी यंत्रे बसविण्यात आली, आणि त्या कारखान्यांचे धूलिकण वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. सुरतेने हे सर्व प्रश्न सोडविले असा याचा अर्थ नव्हे. सचिनचा टँकर त्यानंतरचाच आहे. जेथे मोजणी होती तेथे सुधारणा झाली, जेथे ती नव्हती तेथे माणसे मेली, हाच त्याचा बोध आहे.

शौकिनांचा एक युक्तिवाद असा की, देशात स्पोर्ट्स मोटारी आहेतच किती? ट्रक व कारखाने सोडून मूठभर हौशी मंडळींच्या मागे का लागता? संख्या थोडी आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण अमेरिकेतही आरंभ थोड्यांपासूनच झाला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा साधारण एका दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकलेली आढळली. त्यांच्या धुराचे ओझे रस्त्यावर नव्वद लाख जादा गाड्या आल्याइतके होते. बंदिस्त शर्यतीच्या धावपट्टीवर कोणाला गर्जना करावयाची असेल तर आमची हरकत नाही. सार्वजनिक रस्ता ही मात्र कोणाची खाजगी धावपट्टी नव्हे.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राचे उत्पन्न तपासल्या जाणाऱ्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहता कामा नये, आणि तपासणीच्या वेळी गाडीखाली वाकून कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे पाहिले जावे. धावत्या वाहनाचा धूर रस्त्याच्या कडेने मोजणारी यंत्रे कोलकात्यात वापरली गेली आहेत; ती मुंबई, पुणे, सुरत येथील हमरस्त्यांवरही यावीत. आणि कन्व्हर्टर काढून देणाऱ्या गॅरेजवाल्यास मालकाइतकेच जबाबदार धरले जावे, कारण हौस एकाची असली तरी हात दुसऱ्याचा असतो. रोडरोलर खुशाल फिरवावा. पण त्यासोबत मोजण्याचे यंत्रही रस्त्यावर उभे करावे. तसे झाले नाही तर कायद्याचा धाक केवळ आवाज करणाऱ्यांनाच राहील.