मांडवीतील दिवाडी बेट

चांदनी, नेपानगर व बुऱ्हाणपूर ह्या बाजूने गोव्यास जाणारे भाविक बहुधा दोनच स्थळे पाहून परततात: जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आणि कळंगुटचा किनारा. दर्शन झाले, की संध्याकाळपर्यंत कळंगुटच्या गर्दीत धक्के खावयाचे आणि खानावळीचे भरमसाट बिल देऊन गाडी गाठावयाची, ह्याला गोवा पाहणे म्हणावयास आम्ही तयार नाही.

बॉम जेझू बासिलिकेपासून पायी व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेले, की मांडवीचा धक्का लागतो. तेथून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडच्या दिवाडी बेटावर नेते. ह्या बेटास पूर्वी दीपवती म्हणत. कोकण रेल्वे बेटावरूनच जाते, पण येथे स्थानक नाही. मेलगाड्या नुसत्याच धडधडत निघून जाताना पाहण्याची सवय असलेल्या चांदनीकरांस ह्याचे नवल वाटणार नाही.

बेटावर उतरताच प्रथम दिसतात ती खाजणे, आणि आमच्या शेतकरी वाचकांनी तेथे जरा थांबावे. ही शेते भरतीच्या पाण्याहून सखल आहेत. पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून खारे पाणी अडविले व बांधात लाकडी झडपांची दारे बसविली. त्यांस तेथे मानस म्हणतात. ओहोटीस शेतातील पाणी झडप ढकलून बाहेर जाते. भरती आली, की नदीच्याच दाबाने झडप आपोआप मिटते. पावसाचे गोडे पाणी मीठ धुऊन काढते आणि मग भाताची लावणी होते. कोरगुट नावाची भाताची जात तर थोडा खारटपणाही सोसते. मात्र खेकड्याने पाडलेले एक भोक वेळेवर बुजविले नाही, तर बांध फुटतो, खारे पाणी आत शिरते, आणि नुकसान एका घराचे न होता सगळ्या गावाचे होते. म्हणून बांधांची राखण गावकरीकडे, म्हणजे सर्व गावाच्या सामाईक संस्थेकडे असे.

टेकडीवर पियेदाद मातेचे चर्च आहे. इ. स. 1700 ते 1724 च्या दरम्यान ते उभारले गेले, आणि त्याची आखणी आंतोनियु जुआंव द फ्रियश ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनी केली. जवळच्या दफनभूमीतील लहान प्रार्थनामंदिरात कदंबकालीन कोरीव दगड दिसतात. सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिरही ह्याच बेटावर होते. सोळाव्या शतकात ते पाडले गेले, मूर्ती नदीपलीकडे नार्व्यास गेली, आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी करविला. ही हकीकत आपण आपल्या मुलांस सांगावी. झाकून ठेवण्याने कोणाचीच श्रद्धा वाढत नाही.

ह्याच बेटावर 1676 साली फादर जाकोम गोन्साल्विस जन्मले. 1705 साली ते सिलोनात गेले. तेथे किनारपट्टीवर डचांचा अंमल होता व कॅथलिक धर्मगुरूंस बंदी होती. संत जोसेफ वाझ ह्यांच्यासमवेत त्यांनी कार्य केले, सिंहली भाषा शिकून त्या भाषेत ग्रंथ लिहिले, आणि 1742 साली तेथेच देह ठेवला.

आजही दिवाडीचे पुत्र दूर जातात, पण पोटासाठी. मागे म्हातारी माणसे राहतात. चिखलात उतरणारे हात कमी झाले, तशी काही खाजणे पडीक पडली. सुट्टीपुरते घर हवे असणारे श्रीमंत लोक जुनी घरे शोधत फिरतात. पुलाविषयीही तेथे दोन मते आहेत. रात्री आजाऱ्यास पलीकडे न्यावयाचे असेल तर फेरीची वाट पाहणे जिवावर येते, हे खरे. पण पूल झाला, की पाठोपाठ कळंगुटही येईल, हे भयही पोकळ नाही. निर्णय बेटकऱ्यांनीच करावा. आपण पाहुण्यांनी मात्र बांधावरून वाहन नेऊ नये, आणि जेवण बरोबर नेण्याऐवजी तेथेच विकत घ्यावे.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तेथे बोंदेरांचा उत्सव असतो. एके काळी शेतांच्या हद्दींवरून वाड्यावाड्यांत भांडणे होत, हद्दीचे झेंडे दगड मारून पाडीत. आता त्याचे सोंग तेवढे उरले आहे. त्या दिवशी फेरीस अतोनात गर्दी होते, म्हणून शांतता हवी असणाऱ्यांनी तो वार टाळावा. मुले बरोबर असतील तर मात्र जावे. तिरफळे उडविणारी बांबूची बंदूक त्यांस तेथेच पाहावयास मिळेल.