मनूचा मासा आणि काचेची पेटी

मत्स्यालयाचा आद्य संस्थापक कोण, असें कोणी विचारल्यास आम्ही विलायतेकडे बोट न दाखवितां शतपथ ब्राह्मणाकडे दाखवूं. प्रातःकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांतून मनूच्या हातीं एक लहानसा मासा आला. मला प्रथम कुंभांत ठेव, तेथें मावेनासा झालों म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, आणि तेथेंही मावेनासा झालों म्हणजे समुद्रांत नेऊन सोड, असा सारा क्रम त्या माशानेंच आरंभीं सांगून ठेविला. पुढील प्रलयाचा व नौकेचा भाग वाचकांस ठाऊकच आहे. आमचें लक्ष या अटींवर आहे. मनूनें मासा धरला नाहीं, तो आपण होऊन हातीं आला. आणि परत नेण्याचा करार पालनाच्या पहिल्या दिवशींच ठरला.

हें आठवण्याचें कारण, अलीकडे समुद्रमासे पाळण्याचा छंद सुशिक्षित घरांतून शिरला आहे. मे महिन्यांत मंडळी कोकणांत जातात. मुलें ओहोटीच्या वेळीं कातळावरील डबक्यांतून चिमुकले पट्टेरी मासे पंचाच्या पदरानें धरतात, आणि बाटलींत घालून पुण्यास नेण्याचा हट्ट घेऊन बसतात. ज्या घरांत मासा ताटांत चालत नाहीं त्या घरांत तो बैठकीच्या खोलींत मेलेला कसा चालतो, हा आमच्या कुटुंबाचा प्रश्न आहे. त्यास आम्हांस अद्यापि उत्तर सुचलेलें नाहीं.

या छंदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडांत फिलिप हेन्री गॉस नांवाचा एक अत्यंत धर्मनिष्ठ सृष्टिशास्त्रज्ञ होऊन गेला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, त्यासाठीं त्यानें समुद्रजीव गोळा करून दिले. १८५४ सालीं ‘दि अॅक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला, आणि तो शब्दही त्यानेंच रूढ केला. ग्रंथ इतका लोकप्रिय झाला कीं, घरोघर खाऱ्या पाण्याच्या पेट्या दिसूं लागल्या, आणि डेव्हनच्या किनाऱ्यावर बरण्या घेतलेल्या हौशी लोकांची रीघ लागली. त्याचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं ‘फादर अँड सन’ या पुस्तकांत पुढील हकीकत लिहिली आहे. बालपणीं जीं डबकीं त्याला जिवंत फुलबागेसारखीं वाटलीं, तीं संग्राहकांच्या झुंडींनीं ओरबाडून टाकलीं; आणि हा अनर्थ आपल्याच ग्रंथांनीं घडविला हें उमजून बाप फार कष्टी झाला. सृष्टीकडे ईश्वराची कृति म्हणून पाहणाऱ्या माणसाच्या हातून हें घडावें! त्यानें स्वतः फार थोडें घेतलें असेल. परंतु त्याचें पाहून घेणारे सहस्रावधि निघाले.

बरें, घेतलेला मासा जगतो म्हणावें, तर तेंही नाहीं. माशाच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो. समुद्रांत त्याचा पत्ता लागत नाहीं, पेटींत तोच विष होतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करून तो निरुपद्रवी करतात, परंतु या जंतूंची वस्ती पेटींत नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पेटी महिना-दीड महिना आधीं सिद्ध असावी आणि मासा मागाहून यावा. आपणांकडे मासा आधीं येतो, नंतर पेटीची शोधाशोध. शिवाय समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते केवळ स्वयंपाकघरांतील मीठ नव्हेत. पाणी आटतें तेव्हां क्षार मागें राहतात. अशा वेळीं भर घालावी ती गोड्या पाण्याची. नवशिका खाऱ्या पाण्याची घालतो आणि पेटींत हळूहळू लोणच्याचा खार तयार करतो.

विकत घ्यावे, तर तेथेंही चौकशी हवी. फिलिपाईन्स बेटांत १९६० नंतरच्या दशकांत प्रवाळांच्या फटींत सायनाइडचें पाणी फवारून मासे गुंगवून धरण्याची चाल पडली. प्रवाळ मरतो, आणि पुष्कळ मासे कांहीं आठवड्यांनीं ग्राहकाच्या घरीं मरतात. इंडोनेशियांतील बांगाई बेटांतला एक चंदेरी-काळा मासा आहे. त्याचा नर अंडीं व पिलें तोंडांत सांभाळतो. पिलें दूर वाहून जात नाहींत, त्यामुळें एका जागचे मासे संपले कीं ती जागा ओस पडते. १९९४ सालीं तो पुन्हां जगासमोर आला आणि २००७ सालीं संकटग्रस्तांच्या यादींत गेला. व्यापाराला अवघीं तेरा वर्षें पुरलीं! आतां त्याची, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशाचीही हौदांत पैदास होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेंही विदूषक माशाची पैदास साधली आहे. विकत घेणें असेल त्यानें हौदांत जन्मलेलेच मागावे. समुद्रघोडा व प्रवाळ यांस तर हात लावूंच नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं २००१ पासून त्यांस संरक्षण आहे.

समुद्रावरून मासा आणूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचें घर किनाऱ्यावर आहे, ज्याला ताजें पाणी रोज मिळतें, त्यानें एखाद-दुसरा आणावा आणि त्याच डबक्यांत परत न्यावा. मात्र पेटींत बाजारचा मासा एकदां शिरला असेल तर परत सोडणेंही पाप. परका रोग समुद्रांत जातो. पुणेकरानें हा मोह टाकावा. घाटावर मनूची तिसरी अट पाळतां येत नाहीं.

मुलांसाठीं आमची सूचना अशी. पंचांग घ्यावें. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोळी व भटजी दोघेही जाणतात. अमावास्येनंतरच्या द्वितीयेस भरती दीड वाजतां, म्हणून सकाळीं साडेसाताच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आणि त्या दिवसांत पाणी पुष्कळ दूर हटतें. पायांत जोडे असावेत, कालवांच्या धारेनें पाय कापतात. एक पांढरी थाळी न्यावी, तींत डबक्याचेंच पाणी घालून मासा दहा मिनिटें न्याहाळावा आणि होता तेथें सोडावा. केंड सांपडला तर त्यास डिवचून फुगवूं नये; तो फुगतो तो भीतीनें. दगड उलटला असेल तर पुन्हां होता तसा पालथा घालावा, कारण त्याच्या खालच्या अंगास चिकटलेले जीव उन्हांत तासाभरांत वाळून जातात.