चेहरा एकीचा, मान दुसरीची

लग्नाच्या हॉलमध्ये मी नवरीच्या चेहऱ्याआधी तिची मान पाहते. मानेवर तिचा रंग दिसतो आणि चेहऱ्यावर घरच्यांची लाज. गव्हाळ, सावळ्या मुलींच्या तोंडावर दोन-तीन शेड उजळ फाउंडेशन लिंपायचं आणि ‘नॅचरल ग्लो’ म्हणून हजारो रुपये घ्यायचे, ही फसवणूक आहे. यापेक्षा मवाळ शब्द मी वापरणार नाही.

क्रीम मेकअपशी माझं भांडण नाही. तो नीट लावला तर त्याच्याइतकं देखणं काही नाही. त्यातली तेलं आणि मेण बोटांच्या उबेनं मऊ होतात, म्हणून तो त्वचेत मिसळतो. जरासाच घ्यावा, चोळू नये, दाबून बसवावा आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजनं टिपावा. क्रीमची लाली पावडरच्या आधी. नंतर लावली तर ठिगळं दिसतात. सावळ्या गालावर फिकट गुलाबी नको, विटकरी किंवा जांभळट लाली बघा कशी खुलते! पावडर फक्त कपाळ आणि नाकापुरती. मग तीळ तिळासारखा दिसतो आणि हसल्यावर गाल हलतात.

शेड चुकली की सगळं मातीमोल. उजळ शेडमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं. ते तपकिरी त्वचेवर पसरलं की चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो. डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट उजळ कन्सीलर थापला तरी तीच गत. आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात हवा. शेड जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात पाहायची आणि थोडं थांबायचं, कारण काही फाउंडेशन लावल्यावर गडद होतात. एवढं कुठल्याही मेकअपवालीला ठाऊक असतं. त्यामुळे ‘अंदाज चुकला’ हे मला सांगू नका. अंदाज चुकतो तर कधी गडद बाजूला का चुकत नाही?

भाचीच्या ट्रायलच्या दिवशी मी मेकअपवालीला पेटी उघडायला लावली. सगळ्यात गडद शेडसुद्धा तिच्या गळ्याहून उजळ होती. “ताई, गडद कुणी मागतच नाही,” असं उत्तर मिळालं. आम्ही तिथूनच उठलो.

मागत नाही, कारण मागायची लाज आपण घडवली. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम 1975 साली बाजारात आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं गोरेपणाशिवाय नोकरी नाही, नवरा नाही, हे घराघरांत सांगत राहिली. 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. ट्यूब तीच, भूकही तीच. पार्लरनं तेवढा तो नवा शब्द उचलला.

आयांवर माझा राग सगळ्यात जास्त आहे. “जरा उजळ करा हं, फोटोत काळी दिसायला नको,” हे त्या लेकीसमोर, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात. मेकअपवालीनं त्याच क्षणी नाही म्हणायला हवं. आणि ती म्हणत नसेल, तर नवरीनं खुर्चीतून उठावं, मुहूर्ताला अर्धा तास उरला असला तरी.