गाव मोजायचे कसे?

‘बेचिराख’ हा शब्द आपण आज जळून खाक झालेल्या वस्तीसाठी वापरतो, कारण त्यात आपल्याला ‘राख’ ऐकू येते. मूळ फारसी शब्द मात्र ‘बेचिराग’. म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तराने हा जुना अर्थ जपला आहे. तिथे बेचिराख गावाला नाव असते, शिवार असते, गट क्रमांक असतात. माणूस तेवढा नसतो.

गाव असे एका रात्रीत होत नाही. मराठवाड्यातल्या अनेक वाड्या आणि तांडे दरवर्षी काही महिने अर्धेमुर्धे बेचिराख होतात. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही मुले. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो घराबाहेर होता, तो जिथे सापडला तिथे मोजला जावा, असा नियम. म्हणजे ऊसतोड करणारे कुटुंब नियमाप्रमाणे उसाच्या फडाजवळच्या कोपीत मोजले जाणार. पुढील जनगणनेसाठीही जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हीच संदर्भतारीख ठरवली. पुन्हा गळीत हंगामच. आकडा खोटा नसतो, पण तो गावाचा नसतो.

अशा वेळी मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. माणदेशाच्या माळावरची मोजक्या घरांची धनगरवाडी आणि तिथे आलेला तरुण शिक्षक राजाराम. आपण ही कादंबरी वर्गात शिकवतो ती प्रादेशिकतेचे उदाहरण म्हणून. निसर्गचित्रण, बोली आणि व्यक्तिरेखा असे तिचे तुकडे पाडून. परीक्षेला ते सोयीचे असते. माझ्या मते मात्र ही एका लोकसंख्येची कादंबरी आहे. मास्तर येतो तेव्हा शाळेत मुले नाहीत. ती गोळा करावी लागतात. मग कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, शेकू आणि बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेणारी शेकूची बायको अशी एकेक माणसे गणनेत येत जातात. तालीम उभी राहते आणि वाडीला आपण ‘गाव’ असल्याचे भान येते. पुढे दुष्काळ पडतो. माणसे मेंढरांसह जगायला बाहेर पडतात आणि अखेरीस मोजणाराही निघून जातो. वाडी बेचिराख होण्याचा हा क्रम कोणत्याही तक्त्यात मावणारा नाही.

या वाचनाला आजचा संदर्भही आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ उभारण्याचा विचार महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आला. अशा शाळांची संख्या तेव्हा चौदा हजारांवर सांगितली जात होती. योजनेच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या आणि मुलांना खेळायला सवंगडीही नसावेत, ही चांगली शाळा नव्हे. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हे शिक्षणहक्काचे तत्त्व माळावरच्या वाडीसाठीच तर आहे. शिवाय पटावर आधी विस्थापनाचा परिणाम होतो आणि मग त्या घटलेल्या पटाच्या आधारे शाळा हलते. शाळा हलली की उरलेले तरुण कुटुंबही हलते. कारण आणि परिणाम यांचे हे चक्र ज्याने ‘बनगरवाडी’ नीट वाचली आहे, त्याला ओळखू यावे. तिथे शाळेमुळे वाडीला आकार येतो; इथे शाळा काढून घेतल्याने तो मोडतो.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. एम. ए. च्या प्रकल्पांत त्याच त्या कादंबऱ्यांचे ‘ग्रामीण जीवनचित्रण’ पुन्हा शोधण्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील एखादे बेचिराख वा ओसरत चाललेले गाव घ्यावे. तिथल्या घरांची, आडनावांची, विहिरी-शिवारांच्या नावांची, कोण कुठे गेले याची नोंद करावी. ती नावे व त्यांमागच्या आख्यायिका ही भाषेचीच सामग्री आहे, आणि ती सांगू शकणारी पिढी आता सत्तरीपलीकडची आहे. आपले बरेच विद्यार्थी अशाच वाड्या-तांड्यांवरून येतात. विद्यापीठाला त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. विचारणे तेवढे आपल्याकडून व्हायला हवे.