निळी पेन्सिल

आपल्या व्यंगचित्रकारांपैकी अनेकजण कच्चं रेखाटन अजून फिक्या निळ्या पेन्सिलीने करतात. वर काळी शाई चढली की छपाईच्या कॅमेऱ्याला निळी रेघ दिसत नाही. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये सेन्सॉरची पेन्सिलही निळीच असे. तिने फुली मारली की चित्र अंकातून जाई, आणि त्या जागी कोरा चौकोन सोडायचीही मुभा नव्हती. काहीतरी काढलंय, हेसुद्धा वाचकाला कळता कामा नये!

ब्रिटिश मुलखात आधी छपाई, मग खटला. मद्रासच्या 'इंडिया' साप्ताहिकात सुब्रमण्य भारती १९०६ पासून राजकीय व्यंगचित्रं छापत होते. १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला. कागदोपत्री जबाबदार असलेले श्रीनिवासन पाच वर्षं तुरुंगात गेले, भारती फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निसटले. तिथून पत्र पुन्हा निघालं, १९१० मध्ये बंद पडलं. पण ती चित्रं छापली गेली होती, म्हणून राहिली. पुढे त्यांचं पुस्तकही झालं.

आमच्याकडे, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात, पेडण्यात, डिचोलीत, १९२६ नंतर कागद छापखान्यात चढण्याआधीच सेन्सॉरकडे जाई. लग्नपत्रिकासुद्धा सुटत नसे. म्हापशाच्या एका मेजवानीत 'मी निषेध करतो' एवढं बोलल्याबद्दल डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १९५४ मध्ये पकडून पोर्तुगालला नेलं. अशा राजवटीत गव्हर्नरचं नाक लांब काढायचं कुणी? मोपाच्या पठाराजवळची पत्रादेवीची हद्द गोवामुक्तीसाठी ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर १५ ऑगस्ट १९५५ ला गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचा गुप्त रेडिओ सुरू झाला. शब्द हद्द ओलांडून घरात शिरले. रेडिओवरून चित्र मात्र जात नाही.

म्हणून व्यंगचित्रकारांच्या छळाचा इतिहास निव्वळ खटल्यांच्या कागदांवरून लिहू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. शिक्षा झाली तर निदान निकालपत्र उरतं. आधीच अडवलेल्या चित्राचं काहीच उरत नाही, आणि काढण्याआधीच मनात दाबलेल्या चित्राचं तर मुळीच नाही.

पेडणे-डिचोलीतल्या मित्रांनो, आजोबांच्या पेटीत, जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर, हिशेबाच्या चोपडीत कुठे एखादं टोपीवाल्या पाखल्याचं (पोर्तुगीज गोऱ्याचं) चित्र दिसलं तर पुसट आहे म्हणून टाकू नका. फोटो काढा, कागद कुणाचा ते मागे लिहा. आणि तुमची स्वतःची, संपादकांकडून परत आलेली चित्रं? त्यांवर तारीख घाला, परत का आली तेही लिहा. आपल्या पुढच्या अंकापासून मधली दोन पानं अशा चित्रांसाठी राखली आहेत. निळ्या रेघा पुसून पाठवू नका.